कुत्रा अभ्यास करत आहे

सुशीलाबाई तुपे यांनी चौतीस वर्षं हडपसरच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि त्या चौतीस वर्षांत वर्ग गप्प करायला त्यांना छडी कधी लागली नाही. त्या नुसत्या दारात उभ्या राहायच्या आणि चष्मा नाकावर बोटभर खाली घ्यायच्या. बाहेर उसाच्या गाड्या चाललेल्या असायच्या, लांबच्या गुऱ्हाळाचा गोड वास खिडकीतून यायचा, आणि आत बहात्तर पोरांमध्ये खडूचा काय तो आवाज. तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापक त्यांना मुद्दाम सुशीलाबाईंच्या वर्गावरून न्यायचे. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की निवृत्तीनंतर सहा वर्षांनी त्यांच्या घरात टर्बो नावाचा कुत्रा आला. पहिल्याच दिवशी त्याने दंगा केल्यावर सुशीलाबाई चष्मा खाली घेऊन दारात उभ्या राहिल्या, तर तो चष्माच घेऊन पळाला.

टर्बो त्यांच्या मुलाचा, विश्वजीतचा. कंपनीने त्याला आणि सूनबाईला वर्षभरासाठी बंगळुरूला पाठवलं आणि तिथल्या घरमालकाला कुत्रा नको होता. "आई, एकच वर्ष. फार गोड आहे गं तो. थोडा एक्साइट होतो, इतकंच," असं विश्वजीत म्हणाला. 'थोडा' हा शब्द तो लहानपणापासून अंदाजाने वापरत आलेला होता. दहावीला गणितात थोडे मार्क कमी पडले म्हणाला, तेव्हाही सुशीलाबाईंना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

टर्बोचा रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा होता, कान एक उभा आणि एक आडवा. घराची बेल वाजली की तो भुंकायचा. समोरच्यांची वाजली तरी भुंकायचा. लिफ्टचं दार, खालची स्कूटर, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, कुकरची शिट्टी, यातलं काहीही त्याला परकं नव्हतं. बाल्कनीतून निघून तो दारापर्यंत धावायचा, गुळगुळीत फरशीवर घसरत दिवाणाच्या पायाला आपटायचा आणि ज्या वेगाने आला त्याच वेगाने परत जायचा. सुशीलाबाई "शांत बस" म्हणाल्या की त्याला वाटायचं, चला, बाईसुद्धा आपल्यात आल्या. त्या जितक्या मोठ्याने ओरडायच्या, तितका त्याला चेव चढायचा. 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून दाखवलं, तर त्याने बोट चाटलं.

त्यांचे यजमान रंगराव हे सगळं खुर्चीत बसून बघायचे. रंगराव मूळचे शेतकरी. ही सोसायटी उभी आहे ती तुप्यांच्याच जमिनीवर. बिल्डरने नाव दिलंय 'केनफील्ड्स', आणि आवारात उसाचं टिपरूदेखील नाही. पाहुणा आला की रंगराव त्याला लिफ्टपाशी उभं करून सांगायचे, "हितं आमची हीर होती. तवा मोट वर यायची, आता मान्सं येत्यात."

टर्बो तिसऱ्यांदा दिवाणाला आपटला तेव्हा ते म्हणाले, "मास्तरीण, आपल्या वस्तीवर खंड्या होता. त्याला कुणी शिकिवलं होतं?"

खंड्या सुशीलाबाईंना चांगला आठवत होता. लग्न होऊन त्या वस्तीवर आल्या, तेव्हा माप ओलांडताना सगळ्या बायका त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होत्या. खंड्याने बैलगाडीखाली पडल्या पडल्या एक डोळा उघडला, नव्या सुनेकडे पाहिलं आणि मिटून घेतला. सासरी पहिल्या दिवशी त्यांना काहीही न विचारता पसंत करणारा तो एकटाच. दिवसभर तो चिंचेखाली पडून असायचा. पाटाचं पाणी वाहत असायचं, सासूबाई शेंगा फोडत असायच्या, दोन-तीन तासांतून एखादी एस. टी. लांबून जायची. तेव्हा कुणाला शांत बसायला शिकवावं लागतं, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमधली अपेक्षा घरून काम करायची. तिच्या मीटिंगमध्ये टर्बोचा आवाज इतक्या वेळा गेला होता, की अमेरिकेतला साहेब त्याची नावाने चौकशी करायचा. पण मुलगी भली होती. तक्रार न करता तिने उपाय सांगितला.

"काकू, त्याची एनर्जी बर्न होत नाहीये. त्याला दमवा. दमला की झोपेल."

सुशीलाबाईंना हे शास्त्रीय वाटलं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास त्या सोसायटीच्या मैदानावर चेंडू फेकू लागल्या. ज्या बाईंनी शाळेत क्रीडामहोत्सवाला नुसतं उद्घाटनापुरतं हजर राहायचं व्रत पाळलं, त्या आता साडीचा पदर खोचून गोलंदाजी करत होत्या. वॉचमन मोजायचा. पंधरा दिवसांत सुशीलाबाईंचा उजवा खांदा धरला. टर्बोच्या अंगावरची चरबी झडली, छाती भरली, आणि आता तो बाल्कनीतून दारापर्यंत पूर्वीच्या निम्म्या वेळात पोचू लागला.

"ते दमलं न्हाय," रंगराव म्हणाले. "त्यानं तब्येत कमावली. आता पोलिसात भरती हुतंय बघ."

मग तळमजल्यावरच्या गोदाबाई आल्या. त्यांच्या मते दोष नावात होता. "टर्बो म्हटल्यावर पळणारच की ते. नाव कसं थंड पाहिजे. माझ्या नणंदेनं पोराचं नाव प्रलय ठेवलं, आता भोगतीय." सुशीलाबाई भाषेच्या शिक्षिका; शब्दाचा माणसावर परिणाम होतो, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं, मग कुत्र्यावर का होऊ नये? दोन दिवस विचार करून त्यांनी टर्बोचं नाव शांताराम ठेवलं. अर्थ उत्तम, हाक मारायला सोपं, शेवटी 'राम'.

सोसायटीच्या चेअरमनांचं नाव शांताराम गोंधळे आहे, ही गोष्ट त्यांना अजिबात आठवली नाही. कारण त्यांना सगळे बापू म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर बापू चार सभासदांसमोर पाण्याच्या टाकीविषयी बोलत होते. तेवढ्यात मागून खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला, "शांताराम, तोंडातली घाण टाक आधी." बापू जागच्या जागी थांबले. त्यांच्या तोंडात तंबाखू होती.

संध्याकाळी लेटरहेडवर पत्र आलं. श्वानाचे सध्याचे नाव तात्काळ रद्द करून पूर्वीचे नाव कायम करावे. तसेच उपविधीनुसार 'पाळीव प्राणी नोंदणी अर्ज' तीन प्रतींत भरावा, सोबत लसीकरणाचा दाखला, श्वानाचे दोन फोटो (एक समोरून, एक बाजूने) आणि श्वान शांत स्वभावाचा असल्याचे प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र जोडावे. महिन्याभरात समिती घरी येऊन पाहणी करील. पाहणीत श्वान अनुत्तीर्ण ठरल्यास त्यास अन्यत्र हलवावे लागेल.

'अनुत्तीर्ण' हा शब्द सुशीलाबाईंना लागला. त्यांच्या हाताखालून अनुत्तीर्ण फारसं कुणी गेलं नव्हतं. फोटोच्या पायी चार दिवस गेले; समोरून घेतलेल्या प्रत्येक फोटोत नुसती जीभ येत होती. विश्वजीतला फोन केला, तर तो म्हणाला, "मग त्याला मांजरी गावात चुलतकाकांच्या पोल्ट्रीवर ठेवू या का? ते म्हणतात, साखळीला राहील."

सुशीलाबाईंनी फोन ठेवून हे सांगितलं, तेव्हा रंगराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "साखळीला न्हाय," ते पेपराआडूनच म्हणाले. त्यांच्या जन्मात त्यांनी बायकोपुढे जे चार-दोन निर्णय घेतले, त्यातला हा एक.

प्रशिक्षक अपेक्षानेच फोनवर शोधला. रविवारी सकाळी तो आला. चाळिशीचा, कानावर पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. टर्बोने त्याच्यावर पहिली उडी मारली. त्याने चपला काढल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. टर्बोने दुसरी उडी मारली, तिसरी मारली, पिशवी ओढली. माणूस आपला पौर्णिमा कधी आहे ते बघत होता. पाचेक मिनिटांत टर्बोने कंटाळून त्याचे पाय हुंगले आणि खाली बसला. तेव्हा कुठे त्या माणसाने मान वळवली, सुशीलाबाईंकडे पाहिलं, आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

"बाई," तो म्हणाला. "मी उत्तरेश्वर. सातवी ब. शेवटून दुसरा बाक."

"हो, हो," सुशीलाबाई म्हणाल्या. हे 'हो, हो' शिक्षकांकडे असतं. त्यात तीन हजार विद्यार्थी मावतात.

उत्तरेश्वरने पिशवीतून एक जाड बसकरपट्टी काढली आणि दिवाणाजवळ अंथरली. "ही त्याची जागा. रोज संध्याकाळी अर्धा तास तुम्ही इथं खुर्चीत बसायचं. तो फिरेल, भुंकेल, फिरू द्या. आपणहून पट्टीवर टेकला, की उकडलेल्या चिकनचा एक तुकडा त्याच्या पायांमध्ये ठेवायचा. हळूच. बस म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, काहीच म्हणायचं नाही."

"मग त्याला कळणार कसं?"

"त्याचं त्याला सापडेल, बाई. सापडेल तेव्हा आपण तिथं असायचं."

शिवाय चेंडू बंद. त्याऐवजी संध्याकाळी सावकाश फिरवायचं आणि हवं तिथं, हवं तेवढं हुंगू द्यायचं. कुत्र्याला दिवसातून चौदा-सोळा तास झोप लागते आणि याची झोप सहा तासांवर आली होती. जे पोर झोपलेलं नाही ते जास्तच दंगा करतं, तसं.

"सोळा तास," रंगराव विचारात पडून म्हणाले. "आन् मला तू दुपारी दोनला उठवतीस."

बेलचा त्रास होता, म्हणून सुशीलाबाईंनी दारावर सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'बेल वाजवू नये. कुत्रा अभ्यास करत आहे.' पहिल्या दिवशी अकरा जणांनी, हे खरं आहे का ते विचारायला बेल वाजवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेलची वायरच काढली. मग अपेक्षाने सगळ्यांना ग्रुपवर कळवलं, की काकूंकडे यायचं असेल तर फोन करावा. लोक फोन करू लागले. फोनची रिंग ऐकून टर्बो भुंकू लागला. फोन गप्प केल्यावर बंगळुरूहून विश्वजीतने घाबरून अपेक्षाला फोन केला, की आईबाबांना काही झालंय का.

पण या सगळ्यापेक्षा अवघड होतं ते गप्प बसणं. चौथ्या संध्याकाळी टर्बो बावीस मिनिटं फिरून पट्टीवर टेकला, तेव्हा सुशीलाबाईंच्या तोंडून नकळत "शाब्बास" निघून गेलं. टर्बो ताडकन उठला आणि आनंदाने दिवाणाला आपटला. चौतीस वर्षं बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईने अर्धा तास न बोलता बसायचं म्हणजे काय, हे रंगरावांना कळत होतं. ते आत जाऊन हसायचे. त्यांची तक्रार एकच होती, की आपल्याला चिकन रविवारी आणि याला रोज.

न बोलता बसलं, की माणसाला आठवतं. सुशीलाबाईंना आधी हजेरीपट आठवू लागला. संध्याकाळी साडेसहाला, उन्हाची तिरीप फरशीवर असताना, त्या मनातल्या मनात सातवी ब ची हजेरी घ्यायच्या. एक, आबनावे. दोन, इनामके. शनिवारची सकाळची शाळा, पत्र्यावर वाजणारी चिंचा-बोरं, पावसाळ्यात वर्गात येऊन बसणारी म्हस, दिवाळीआधी मुलांच्या दप्तराला येणारा उसाचा चिकट वास. सातवीची अर्धी पोरं हंगामात शाळा बुडवायची आणि येताना बाईंना काकवीची बाटली आणून द्यायची. त्या बाटलीला त्या रागवायच्या आणि ती घरी न्यायच्या. एकेक चेहरा यायचा, 'हजर' म्हणायचा आणि जायचा. टर्बो पट्टीवर येऊन टेकायचा, त्या तुकडा ठेवायच्या आणि पुढचा नंबर घ्यायच्या.

नवव्या संध्याकाळी त्या एक्केचाळीसवर आल्या आणि अडल्या. एक्केचाळीस नंबरची जागा रिकामी होती. बाकावर कुणी नव्हतं. मग त्यांना दिसलं, की तो पोरगा बाहेर व्हरांड्यात उभा आहे.

बार्शीकडून आलेलं कुटुंब, बाप औद्योगिक वसाहतीत कामाला. पोरगं वात्रट नव्हतं. त्याला नुसतं बसवत नसे. पाय हलव, पेन्सिल फिरव, उठून खिडकीशी जा. बहात्तरांत एक पोरगं हलायला लागलं की वर्ग हलतो. म्हणून त्या नुसतं बोट दाखवायच्या दाराकडे. जून ते एप्रिल, जवळजवळ रोज.

त्या संध्याकाळी त्यांनी चिकनचा तुकडा ठेवायला उशीर केला. टर्बो मात्र तसाच पडून राहिला.

पुढच्या रविवारी उत्तरेश्वर आला, तेव्हा त्यांनी चहा पुढे केला आणि एकदम विचारलं, "व्हरांड्यात काय करायचास रे तू?"

त्याने कप बशीत ठेवला. खोटं बोलायची त्याला गरज वाटली नसावी. "काही नाही, बाई. ऊस दिसायचा समोर, तो बघायचो. पण वर्गातून हसू ऐकू आलं की वाटायचं, मलाच हसतायत. ते आवडायचं नाही."

सुशीलाबाई बशीवरच्या नक्षीकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बहात्तर मुलं होती रे."

"होती ना, बाई," उत्तरेश्वर समजुतीने म्हणाला. "मला तर एका वेळी चाराच्या वर कुत्री झेपत नाहीत."

रंगराव आतून बाहेर आले, दोघांकडे बघून परत आत गेले. टर्बो पट्टीवर झोपला होता. झोपेत त्याचे पाय पळत होते.

"चुकलं माझं," सुशीलाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी फळ्यावर पुष्कळदा लिहिलं होतं, कर्मणी की भावे ते विचारायला. स्वतःच्या तोंडून फारसं गेलं नव्हतं. उत्तरेश्वरने बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून प्यायला.

समिती शनिवारी संध्याकाळी आली. बापू, खजिनदार आणि गोदाबाई. पाटी वाचूनही बापूंनी बेल दाबली. ती वाजेना, तेव्हा त्यांनी मुद्दाम दार तीनदा दणदणा वाजवलं. "परीक्षा म्हणजे परीक्षा," ते म्हणाले. टर्बो दाराशी आला, एकदा भुंकला, सुशीलाबाईंकडे पाहिलं. सुशीलाबाई खुर्चीत बसून कॅलेंडरकडे बघत होत्या, मांडीवर चिकनच्या तुकड्यांची वाटी होती. टर्बो वळला आणि पट्टीवर जाऊन बसला. उत्तरेश्वर कोपऱ्यात उभा होता. तोही कॅलेंडरच बघत होता.

पाच मिनिटं गेली. समितीला बघण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून समिती पाहुण्यांच्या पार्किंगवर बोलू लागली. खजिनदार म्हणाले, तिथे तर बापूंचीच गाडी असते. बापू म्हणाले, हा विषय अजेंड्यावर नाही. गोदाबाईंनी पाण्याच्या टाकीचं काढलं. आवाज चढले. टर्बोने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या पायांवर हनुवटी टेकली. आणि त्याच वेळी बापूंना शिंक आली.

बापूंची शिंक ही साधी शिंक नव्हती. बी विंगमध्ये लहान मुलं तिने झोपेतून उठत असत. टर्बो फूटभर उडाला आणि चार-पाच वेळा भुंकला. समिती भांडण विसरून त्याच्याकडे बघू लागली. सुशीलाबाईंच्या ओठांवर चौतीस वर्षं जमा झाली होती. त्यांनी ती तशीच गिळली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. टर्बो दारापर्यंत गेला. परत आला. पट्टीवर त्याने स्वतःभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मोठा सुस्कारा टाकून आडवा झाला.

सुशीलाबाईंनी वाकून तुकडा ठेवला.

खजिनदारांनी पेन उघडलं. "चार वेळा भुंकला. लिहू?"

बापू रुमालाने नाक पुसत होते. "ते माझ्यामुळं झालं," ते म्हणाले. "ते धरू नका." मग कुत्र्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, आमच्या नातवाला असं बसवता येईल का?"

"बसवू नका," सुशीलाबाई म्हणाल्या. "बसेल."

समिती पार्किंगवर भांडत लिफ्टने खाली गेली. आता फक्त प्रमाणपत्र राहिलं होतं. सुशीलाबाईंनी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि उत्तरेश्वर लिहायला बसला. एक ओळ लिहिली. मग तो उठला, बाल्कनीपर्यंत गेला, खाली पाहिलं, परत आला, दुसरी ओळ लिहिली. पुन्हा उठला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, ओठ हलवत परत फिरला. टर्बो पट्टीवरून त्याच्या येरझाऱ्या एका डोळ्याने बघत होता.

रंगरावांना हे किती वेळ बघवणार? "अरं बाबा, एका जागी बस की," ते म्हणाले. "चार वळी तर लिव्हायच्यात."

उत्तरेश्वर चटकन खुर्चीकडे वळला. पाठीमागे हात गेलेच होते.

"राहू द्या त्याला," सुशीलाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, वाटेत येणारी खुर्ची उचलून भिंतीला लावली, आणि दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या. "फीर रे तू. फिरताना सुचतं तुला."

प्रमाणपत्राला पाऊण तास लागला. त्या तेवढा वेळ काही बोलल्या नाहीत.